हॉल तपासला आणि कुलूप लावलं

"सुट्टी फिर बढ़ गई!" यश जिन्यावरून ओरडतच खाली आला. "डीएम साहब का ऑर्डर! ठंड की वजह से सारे स्कूल बंद!"

"हुर्रे!" पूर्वाने हातमोजे काढून हवेत भिरकावले. त्यातला एक मयूरच्या डोक्यावर जाऊन पडला.

तेलीबागेतल्या त्या कॉलनीच्या अंगणात उरलंसुरलं ऊन अंगावर घेत मुलं बसली होती. सानिका, तिचा धाकटा भाऊ यश, त्यांच्या वरच्या मजल्यावरची पूर्वा आणि समोरच्या इमारतीतला मयूर. सगळ्यांचेच आईबाबा नोकरीपायी महाराष्ट्रातून लखनौला आलेले. दुपारी कॉलनीच्या हॉलमध्ये मराठी घरांचं संक्रांतीचं जेवण झालं होतं. गुळाच्या पोळ्या चापून मोठी माणसं घरोघरी रजयांमध्ये शिरली होती आणि अंगणात मुलांचं राज्य होतं.

"उद्या अमीनाबाद! मला बांगड्या घ्यायच्यात," पूर्वा म्हणाली.

"बांगड्या कसल्या? क्रिकेट!" मयूर म्हणाला.

"दोन्ही नाही. खजिन्याचा शोध!" सानिका उठून उभी राहिली. "चिठ्ठ्या मी करणार. प्रत्येक चिठ्ठीत एक जोडविधान. खरं असेल तर उजवीकडे जायचं, खोटं असेल तर डावीकडे. यश, नमुना ऐक. 'यशने आज आंघोळ केली किंवा यश लखनौत राहतो.' खरं की खोटं?"

"झूठ! मैं नहाया ही नहीं!"

"शी!" पूर्वा दोन हात लांब सरकली. "आणि हा पंगतीत माझ्या शेजारी बसला होता!"

"चूक!" सानिका म्हणाली. "'किंवा' असलं की दोन्हीतलं एक खरं असलं तरी पुरे. तू लखनौत राहतोस ना? मग अख्खं विधान खरं. पण 'यशने आंघोळ केली आणि यश लखनौत राहतो' म्हटलं, तर खोटं! 'आणि'ला दोन्ही खरी लागतात."

"नाना काय म्हणतात माहितीये?" मयूर हसला. "म्हणतात, ही सानिका म्हणजे वकीलबाई! हिच्या नादी लागू नका."

नाना म्हणजे मयूरचे आजोबा, चंद्रशेखर नाना. वर्ध्याच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं होतं. आजी गेल्यावर ते मुलाकडे लखनौला आले, आणि हळूहळू विसरू लागले. जेवलो की नाही, हे त्यांना आठवत नसे. मयूरला कधी कधी ते त्याच्या बाबांच्या नावाने हाक मारत. पण 'आणि', 'किंवा', 'जर-तर' यांचं खरंखोटं? त्यात कधी चूक नाही! रोज सकाळी उन्हात बसून ते मुलांना एकेक विधान घालत आणि सगळ्यांत आधी उत्तर द्यायचं ते सानिकाने. तिला त्याचा अभिमान होता. जरा जास्तच होता.

"मयूर! अरे मयूर!" समोरच्या इमारतीतून प्रतिमाकाकू, मयूरची आई, धावत आली. तिच्या पायात चपलाही नव्हत्या. "नाना तुमच्यात आहेत का रे?"

"नाही. घरीच झोपलेत ना?"

"मला वाटलं ते शेजारच्या सुभद्राआजींकडे बसलेत. आजींना वाटलं ते घरी गेले. ते कुठेच नाहीत रे!"

बघता बघता अंगण माणसांनी भरलं. गच्ची पाहून झाली, जिने पाहून झाले, गाड्यांच्या मागे पाहून झालं. तोवर ऊन गेलं आणि मैदानाच्या बाजूने धुकं सरकत आत येऊ लागलं. पाऱ्याने आज पुन्हा तळ गाठला होता आणि नानांच्या अंगावर होता फक्त एक हातविणीचा स्वेटर!

"हॉल?" कोणीतरी विचारलं.

"हॉल मी स्वतः तपासला आणि कुलूप लावलं!" अभिजितकाका ठासून म्हणाले. ते कॉलनीचे सेक्रेटरी. कानाला कायम फोन आणि खिशात सगळ्या किल्ल्या. "तिथे कोणी नाही. यार, आपण वेळ घालवतोय. ते बाहेरच गेलेत!"

"पण गेले कुठून?" मयूरचे बाबा, माधवकाका, घामाघूम झाले होते. एवढ्या थंडीत!

आणि इथे सानिका पुढे झाली.

तिला वाटलं, हीच तर आपली वेळ! सगळे घाबरलेत, कोणाचं डोकं चालत नाहीये, आणि उत्तर आपल्याजवळ आहे. मागच्या महिन्यात नाना मागच्या छोट्या फाटकातून निघून थेट रायबरेली रोडवर पोहोचले होते. तेव्हापासून मयूरच्या घरात एकच नियम होता : मागचं फाटक उघडं राहिलं, तर नाना बाहेर पडतील. म्हणून त्या फाटकाला कुलूप असे. आज सकाळी मात्र मुलं त्याच फाटकाने पेरू आणायला गेली होती.

"सोपं आहे!" सानिका मोठ्याने म्हणाली. "फाटक उघडं राहिलं तर नाना बाहेर पडतात. नाना बाहेर पडलेत. म्हणजे फाटक उघडं राहिलं! आणि सकाळी किल्ली मयूरकडे होती."

सगळे मयूरकडे बघू लागले.

"मी लावलं होतं," मयूर म्हणाला. "बाबा, खरंच लावलं होतं मी—"

"सानिका, अगं ऐक, मी—" पूर्वा काहीतरी सांगू लागली.

"थांब गं, मध्ये बोलू नको!" सानिका म्हणाली. "मयूर, विसरला असशील. पेरू खात होतास ना तू?"

माधवकाकांनी खाडकन मयूरच्या थोबाडीत मारली.

आवाज एवढा मोठा झाला, की यश सानिकाच्या मागे लपला. मयूर रडला नाही. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. त्याने फक्त सानिकाकडे पाहिलं, आणि मग वळून तो हॉलच्या पलीकडे धुक्यात निघून गेला.

"चला! दोघं पीजीआय हॉस्पिटलकडे, दोघं बाजारात, मी पोलीस चौकीत!" अभिजितकाकांनी हुकूम सोडले. मोटारसायकली धडधडल्या, गाड्या निघाल्या आणि बहुतेक मोठी माणसं मुख्य फाटकातून बाहेर पडली. सानिकाच्या आईने जाता जाता तिच्या खांद्यावर थोपटलं. "बरं झालं, तू सांगितलंस हो!"

सानिकाला ते थोपटणं नकोसं झालं. का, ते तिचं तिलाच कळेना.

"चल," पूर्वा रागाने म्हणाली. "तुला काहीतरी दाखवायचंय."

तिने सानिकाला ओढतच मागच्या फाटकाशी नेलं. यश धावत मागोमाग आला. धुक्यात फाटक काळं दिसत होतं. कडी आतून लागलेली होती आणि कडीला कुलूप होतं.

"बघ! सकाळी आपण आत आल्यावर मयूरने कुलूप लावलं आणि ते मी स्वतः ओढून पाहिलं. मयूरने किल्ली लगेच अभिजितकाकांना नेऊन दिली. तेव्हापासून हे उघडलेलंच नाही!"

"मग तू तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तू बोलू दिलंस?"

सानिकाने कुलूप हातात धरलं. ते बर्फासारखं गार होतं, आणि तिचे कान मात्र तापले होते. एवढे लोक जमले होते, पण इथवर चार पावलं चालत येऊन कुलूप पाहावं, असं कोणालाच वाटलं नव्हतं. कशाला वाटेल? सानिकाने इतक्या ठामपणे सांगितलं होतं!

आणि मग तिला नाना आठवले. गेल्याच आठवड्यात ते हसत म्हणाले होते, "पाहुणे आले, तर आई शिरा करते, हे खरं धरा. आज घरात शिरा आहे. म्हणजे पाहुणे आलेत?" तेव्हाही सानिकाच आधी ओरडली होती, "हो!" नाना म्हणाले होते, "का बरं? यशचा वाढदिवस असेल. तुझ्या आईला सहज लहर आली असेल. 'जर-तर' उलट दिशेने चालवायचं नसतं, वकीलबाई. उलट चालवलं की कोणीतरी त्याच्या खाली सापडतं."

आज मयूर सापडला होता. त्या थपडेचा आवाज तिला पुन्हा ऐकू आला. तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. घरी जाऊन रजई डोक्यावरून ओढून घ्यावी आणि शाळा सुरू होईपर्यंत बाहेर येऊच नये!

"दीदी, रो मत," यश हळूच म्हणाला. "पहले नाना को ढूँढते हैं ना."

सानिकाने बाहीने डोळे पुसले. "हो. आधी नाना. आणि या वेळी मी एकटी नाही ठरवणार. मी चुकले की लगेच थांबवा मला."

"थांबवीनच!" पूर्वा म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता.

"नाना बाहेर गेले असतील, तर मागच्या फाटकातून किंवा मुख्य फाटकातून. तिसरी वाट आहे?"

"नाही. भिंतीवर काचा आहेत," पूर्वा म्हणाली.

"मागच्या फाटकाचं खोटं ठरलं. आता मुख्य फाटक."

तिघंही पळत सुटली. मुख्य फाटकाशी रामदास चौकीदार मफलर गुंडाळून उभा होता. बिचारा तोही हवालदिल झाला होता.

"रामदास भैया, नाना यहाँ से गए क्या?"

"नहीं बिटिया! यही तो सबसे कह रहे हैं, कोई सुनता ही नहीं! खाने के बाद हम हिले तक नहीं। नानाजी निकलते तो हम हाथ पकड़कर घर न छोड़ आते?"

"म्हणजे हेही खोटं!" सानिका म्हणाली. "'किंवा'ची दोन्ही टोकं खोटी, तर अख्खं विधान खोटं. नाना बाहेर गेलेच नाहीत! बरोबर? पूर्वा, चुकतेय का मी?"

पूर्वाने क्षणभर विचार केला. "नाही. बरोबर आहे. पण मग ते आत आहेत कुठे? घरं झाली, गच्ची झाली, जिने झाले. हॉल तर काकांनी तपासला."

"हाँ, और ताला भी लगा है," यशने बोट दाखवलं. हॉलच्या दारावर पितळी कुलूप लोंबत होतं. "मतलब काका सच बोले।"

सानिका त्या कुलपाकडे बघतच राहिली. "ते काय म्हणाले? शब्दन् शब्द सांग."

"'हॉल मी स्वतः तपासला आणि कुलूप लावलं,'" पूर्वाने काकांची हुबेहूब नक्कल केली. मग तीच दचकली. "आणि!"

"कुलूप दिसतंय, म्हणून एक अर्धं खरं. त्यावरून दुसरं खरं ठरत नाही! फोन दे तुझा."

"काकांना खोटारडं म्हणणार आहेस?" पूर्वाने विचारलं. "पुन्हा सगळ्यांसमोर?"

सानिकाचं बोट नंबरावर थांबलं. पुन्हा तीच चूक झाली तर? आज एकाला आपण गुन्हेगार ठरवलंच आहे. तिने काकांचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"नाही. मी काही ठरवणार नाही. फक्त विचारणार."

अभिजितकाकांनी फोन उचलला तोच खेकसत. मागे हॉर्नचा गोंगाट होता. "काय आहे? नाना सापडले?"

"काका, हॉलचं विचारायचं होतं."

"सांगितलं ना एकदा! तपासला आणि कुलूप लावलं!"

"हो काका. पण मला दोन्ही वेगवेगळं सांगाल का? कुलूप तुम्हीच लावलंत?"

"हो! अजून काय?"

"आणि लावण्याआधी तुम्ही आत जाऊन पाहिलंत?"

हॉर्न वाजत राहिले.

"काका?"

"अगं… दारातून हाक मारली मी. फोन चालू होता माझा… 'कोणी आहे का?' म्हटलं. कोणी ओ दिली नाही."

"नाना कानातलं मशीन काढूनच झोपतात! मग त्यांना काही ऐकू येत नाही!" पूर्वा ओरडली.

"स्टेजमागची खोली पाहिलीत? गाद्यांची?" सानिकाने विचारलं.

"नाही." काकांचा आवाज एकदम बारीक झाला. "सानिका, त्या खोलीत… अगं, पंगत उठताच त्या खोलीत मी कोळशाची अंगीठी सरकवून ठेवली होती. हॉलचा गालिचा जळू नये म्हणून. निखारे विझले असतील असं… किल्ली माझ्याकडे आहे! मी येतो! लगेच येतो!"

बंद खोलीत कोळशाची अंगीठी ठेवू नका, त्याचा वायू दिसत नाही पण जीव घेतो, हे दर हिवाळ्यात शाळेत सांगत!

"रामदास भैया! ताला तोड़ो! नाना अंदर हैं!"

रामदास लोखंडी सळई घेऊन धावला. सानिका मात्र हॉलच्या मागच्या बाजूला पळाली. गाद्यांच्या खोलीला तिकडून एक खिडकी होती. तिथेच, खिडकीखालच्या ओट्यावर, गुडघ्यांत डोकं घालून मयूर बसला होता.

सानिकाचे पाय थबकले. त्याच्या गालावर बोटं उमटली होती.

"नाना आत आहेत," ती कशीबशी म्हणाली. "याच खोलीत. आणि अंगीठीही."

मयूरने काही विचारलं नाही. त्याने शेजारची वीट उचलली आणि खिडकीच्या काचेवर मारली. खळ्ळकन काच फुटली! सानिकाने दुसरी वीट उचलून दुसरं तावदान फोडलं. आतून गरम, कोंदट हवेचा झोत बाहेर आला. अंधारात गाद्यांच्या ढिगावर नाना आडवे पडले होते.

"नाना!" मयूरने गजांना धरून हाक मारली. "नाना, उठा!"

नाना हलले नाहीत.

तेवढ्यात पलीकडून धाडकन आवाज आला. कुलूप तुटलं होतं! "नाक पर मफलर बाँधो, भैया! पहले नाना को बाहर निकालो!" सानिका खिडकीतून ओरडली. पूर्वाने हॉलची सगळी दारं सताड उघडली. रामदासने नानांना पाठुंगळी घेतलं आणि मोकळ्या अंगणात आणून निजवलं. फोनची वाट बघत घरीच थांबलेली प्रतिमाकाकू धावत आली आणि तिने नानांचं डोकं मांडीवर घेतलं. पूर्वा ॲम्ब्युलन्सला फोनवर पत्ता सांगत होती. सुभद्राआजींनी बाल्कनीतूनच रजई खाली टाकली.

खूप वेळ, निदान सानिकाला तरी खूप वाटला, काहीच झालं नाही. मग नानांनी एक खोल श्वास घेतला, खोकले, आणि डोळे किलकिले केले.

"माधव," ते मयूरला म्हणाले, "डोकं फार दुखतंय रे."

तेव्हा कुठे मयूर रडला.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात सगळी कॉलनी जमली होती. नानांना ऑक्सिजन लावला होता. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "अब ख़तरे से बाहर हैं। अच्छा हुआ, बच्चों ने पहले खिड़की तोड़ी। थोड़ी देर और होती, तो…"

"शाब्बास, सानिका!" कोणीतरी म्हणालं. "काय डोकं आहे पोरीचं!" दुसरं कोणी म्हणालं. सानिकाच्या बाबांनी तिला जवळ ओढलं. आई सगळ्यांना सांगू लागली, "अहो, आमची सानिका लहानपणापासूनच अशी—"

"आई, नको ना!"

सगळे तिच्याकडे बघू लागले. दुपारी बघत होते, तेच सगळे. दुपारी ती नजर तिला हवीहवीशी वाटली होती. आता मान वर करवत नव्हती, पण तिने ती केली.

"मयूरने फाटकाला कुलूप लावलं होतं," ती म्हणाली. "ते अजूनही तसंच लागलेलं आहे. मी न बघताच बोलले. मला हुशारी दाखवायची होती. मी तसं बोलले नसते, तर तुम्ही सगळे बाहेर शोधायला गेला नसतात, नाना लवकर सापडले असते, आणि मयूरला मार बसला नसता. मला शाब्बास म्हणू नका. पूर्वाला म्हणा. तिने मला कुलूप दाखवलं."

मग कोपऱ्यातून अभिजितकाका पुढे आले. आज पहिल्यांदाच त्यांच्या कानाला फोन नव्हता. "मी तरी कुठे बघून बोललो होतो!" ते म्हणाले. "ही तर लहान आहे. मी एवढा मोठा घोडा! माधवराव, कोणत्या तोंडाने माफी मागू तुमची?"

माधवकाका खाली मान घालून उभे होते. ते बाकावर मयूरशेजारी जाऊन बसले आणि त्यांनी त्याच्या गालावर हलकेच हात ठेवला. मयूर आधी अंग चोरून बसला. मग त्याने हळूच डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं.

मोठी माणसं एकेक करून चहाला गेली. सुभद्राआजी मात्र सानिकापाशी थांबल्या. "पोरी, नाना वाचले ते तुमच्यामुळे, हे खरंच आहे," त्या म्हणाल्या. "आणि मघाशी जे बोललीस ना, त्याला जास्त धाडस लागतं. दोन्ही लक्षात ठेव." आणि काठी टेकत त्याही निघून गेल्या.

बाकावर मयूर एकटाच उरला होता. सानिका एक जागा सोडून बसली.

"सॉरी," ती म्हणाली.

मयूर समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मग तो म्हणाला, "'सानिकाने माफी मागितली आणि मयूरने माफ केलं.' सांग, खरं की खोटं?"

"खोटं. अर्धंच खरं आहे."

"हं. अजून खूप राग आहे मला."

"असू दे," ती म्हणाली. "मी थांबीन."

व्हरांड्याच्या टोकाला यश दिसला. कॅन्टीनमधून आणलेल्या बन-मक्खनची पिशवी हलवत तो धावत आला. "गरम है, गरम है!" म्हणत त्याने पिशवी मयूरच्या हातात कोंबली आणि पूर्वाला शोधायला पळाला. मयूरने एक बन काढला, त्याचा मोठा घास घेतला आणि खिडकीबाहेरचं धुकं बघत चावत बसला. मग तिच्याकडे न बघताच त्याने ती पिशवी मधल्या रिकाम्या जागेवर ठेवली आणि बोटाने हळूच तिच्या बाजूला सरकवली.